आढे कुठे होते ते कोणी सांगितले

मी, कोर्बिनियन योझेफ एर्टलमायर, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा सुतारकाम (म्हणजे घरांचे सांगाडे आणि छपरे उभारणारा, खुर्च्या-कपाटे करणारा नव्हे), राहणार ओबरआख, घर क्रमांक नऊ, वरचे बव्हेरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला गावच्या डॉक्टरांनी दिला. त्यांनी तो फारच पटकन दिला, म्हणून मी शहरात जाऊन दुसऱ्या डॉक्टरांकडूनही घेतला. दोन्ही सोबत टाचले आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोण दडपण आणू पाहत आहे, ते पुढे ओघाने येईलच.

नोटरीबाई म्हणाल्या की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. त्यांना लागत नसतील, मला लागतात. ज्याच्या नावे काही ठेवले आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असेही त्या म्हणाल्या. हे मात्र मला फार आवडले. त्यामुळे एक साक्षीदार म्हणून मी शेजारच्या क्विरिन स्टाडलहूबरला बोलावणार आहे, म्हणजे त्याला माझ्या घरातला खिळासुद्धा मिळणार नाही, हे कागदावर पक्के होईल. त्याने माझे काय केले ते चौथ्या कलमात आहे.

आजवर लिहिलेली पाचही मृत्युपत्रे रद्द समजावीत. हे सहावे. सातवे कोणी पुढे आणले तर ते खोटे आहे.

कलम पहिले. राहते घर, अंगण, कार्यशाळा आणि मागची लाकडाची वखार माझी एकुलती एक मुलगी अफ्रा हिच्या नावे करीत आहे, पण दुसऱ्या कलमातली अट पाळून. अफ्रा चव्वेचाळीस वर्षांची आहे, स्वतः सुतार आहे, आणि गेली बारा वर्षे धंदा तीच चालवते. घर मी १९८३ साली बांधले. त्याचा एकही सांधा अजून हललेला नाही. ज्यांना जिन्याची तिसरी पायरी करकरते असे वाटते, त्यांनी आपले वजन पाहावे.

घराला अकरा कुलपे आहेत. किल्ल्या कुठे आहेत ते मी कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहितो. तळघराची किल्ली घड्याळाच्या पाठीमागे. वखारीची, गाईंच्या रिकाम्या गोठ्यात डावीकडून चौथ्या फळीच्या मागे. कपाटाची किल्ली कपाटातच आहे आणि कपाट बंद आहे. त्याची दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात. उरलेल्या आठ कुठे आहेत ते वेगळ्या चिठ्ठीत लिहिले आहे. ती चिठ्ठी नोटरीबाईंकडे आहे, पण तिच्यावर कुलपांची नावे नाहीत. किल्ल्या अफ्राने एकेक लावून पाहाव्यात.

कलम दुसरे. माझे दफन. मला माझ्या आईवडिलांच्या जागेत, चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीशी पुरावे. माझी बायको वाल्बुर्गा, जी सहा वर्षांपूर्वी वारली आणि जी लिंडेनच्या झाडाखाली आहे, तिच्या शेजारी पुरू नये. तिच्या शेजारची जागा मोकळी आहे हे मला माहीत आहे. ती मोकळीच राहू द्यावी.

हे मी अफ्राला तोंडी सांगितले तेव्हा ती भांडी घासत होती. तिने हात पुसले नाहीत, तशीच वळली.

"बाबा, आईने तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"ते माझं मी जाणतो."

"एकोणचाळीस वर्षं एका पलंगावर झोपलात. आता एका झाडाखाली झोपायला काय होतंय?"

"पलंगाचं वेगळं. तिथून उठता येतं."

"मग ऐका. आईला एकटीला ठेवणार असाल ना, तर मला ते घरही नको. तुमच्या अकरा कुलपांसकट सेवेरीनला देऊन टाका."

तिने ते रागात म्हटले असेल, पण माझ्या मुलीने रागात म्हटलेले ती शांतपणे पार पाडते, हे मला माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो: अफ्राने मला उत्तरेच्या भिंतीशी पुरले तर घर तिचे. न पुरल्यास, किंवा घर नाकारल्यास, ते माझा पुतण्या सेवेरीन याला जावे. सेवेरीन मागच्या ईस्टरला आला होता. मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून तो अंगणाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला. प्रत्येक कोपऱ्यात त्याच्या हातातल्या यंत्रातून एक लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडत होता. मी आंधळा नाही, तो मापे घेत होता. तो हे घर पाडून तिथे सपाट छपरांचे बारा फ्लॅट उभे करणार आहे. हे मला पसंत आहे असे नाही. पण अफ्राला ते त्याहून कमी पसंत आहे, आणि माझी भिस्त त्यावर आहे.

कलम तिसरे. हत्यारे. तासायची रुंद कुऱ्हाड, तिन्ही रंधे, पटाश्या आणि ओळंबा अफ्राचे, घराचे काहीही होवो. माझा मोठा लोखंडी गुण्या, ज्या आर्किटेक्टने शाळेच्या जिन्यात डोके आपटेल अशी तुळई काढली त्याला द्यावा, म्हणजे काटकोन कसा दिसतो ते तरी त्याला एकदा कळेल. त्याचे नाव अफ्राला ठाऊक आहे. माझी काळी हॅट माझ्यासोबत जाऊ द्यावी. शवपेटीवर झाकण घालण्याआधी अफ्राने तिच्या चारही बाजू बोटाने वाजवून पाहाव्यात. हल्ली वर ओकचा पापुद्रा आणि आत भुशाचा लगदा देतात. आवाज बद्द आला तर पेटी परत करावी, मी थांबेन.

कलम चौथे. आता मूळ गोष्ट.

वाचणारा बाहेरगावचा असेल तर त्याला कळावे म्हणून सांगतो. आमच्याकडे नव्या घराचे आढे, म्हणजे छपराच्या शेंड्यावरची सगळ्यात लांब तुळई, ती वर चढायच्या आधी गावाने चोरायची, अशी रीत आहे. चोरी साधली तर तुळईला फुले बांधून, बँड लावून ती वाजतगाजत परत आणतात, आणि मालकाला बिअर अन् डुकराचे भाजलेले मांस देऊन ती सोडवावी लागते. पोलीस या चोरीत पडत नाहीत. बरेचदा ते तुळईचे एक टोक धरतात. लाज वाटायची ती सुताराला, कारण आढे राखणे हे त्याचे काम. मी तोवर बारा घरे बांधली होती आणि एकही आढे जाऊ दिले नव्हते. हे मी खानावळीत जरा जास्तच वेळा बोललो होतो.

तेरावे घर माझे स्वतःचे. आढे वाल्बुर्गाच्या वडिलांच्या रानातले होते. झाड तिनेच निवडले होते. डिसेंबरात, चंद्र घटत असताना तोडले, दोन हिवाळे वाळवले. मे महिन्यात ते मी लपवले. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सापळाही लावला. क्विरिनच्या मेव्हण्याला सहज बोलल्यासारखे सांगितले, की आढे गिरणीत आहे. खानावळवाल्याला सांगितले, चर्चच्या कोठारात. माझ्या सख्ख्या भावाला सांगितले, वीटभट्टीवर. जिथे चोर शोधायला येतील तिथून फितूर कोण ते कळणार होते. खरी जागा होती टेकडीवरची चुन्याची जुनी, बंद पडलेली भट्टी. ती मी फक्त एका माणसाला सांगितली. माझ्या डोक्यात एखादी तुळई पडली तर कोणाला तरी माहीत असावे, म्हणून वाल्बुर्गाला.

रविवारी आम्ही मिस्सेला गेलो. पाद्रीबाबांचे प्रवचन त्या दिवशी इतके लांबले की ते कटात असावेत असे मला आजही वाटते. बाहेर आलो तो बँड वाजत होता. क्विरिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, माझ्या आढ्यावर घोड्यासारखा बसून, माझ्यावर रचलेले कवन वाचत होता. गिरणी, कोठार, वीटभट्टी, कुठे कोणी गेलेच नव्हते. सरळ चुन्याच्या भट्टीवर गेले होते.

सगळा गाव हसला. वाल्बुर्गा सगळ्यांत मोठ्याने हसली. तीन वर्षांच्या अफ्राला कडेवर घेऊन ती हसून हसून डोळे पुसत होती. चार जागा, चार माणसे. तीन जागांना कोणी हात लावला नाही, चौथी लुटली. यात ओळंबा लावून पाहावे असे काही उरत नाही.

मी तिला कधीच विचारले नाही. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, आणि मग मला एकाऐवजी दोन गोष्टींचा संशय घ्यावा लागला असता. पण त्या दिवसापासून कोणतीही वस्तू कुठे ठेवली ते मी तिला सांगितले नाही. ती तळघराची किल्ली मागायची, मी उठून, तिला पाठ फिरवायला लावून, स्वतः काढून द्यायचो. पहिली काही वर्षे ती चिडायची. पुढे चिडेनाशी झाली. बाकी आमचा संसार चांगला झाला, असे लोक म्हणतात. भांडण नव्हते. मी तिच्यावर हात उगारला नाही, दारू पिऊन घरी आलो नाही. फक्त ज्या बाईने माझे आढे दाखवले तिच्या शेजारी जन्मभर झोपलो तेवढे पुरे, मेल्यावर नको. म्हणून कलम दुसरे.

ओबरआख, ३ सप्टेंबर २०२४.

पुढचा मजकूर १४ सप्टेंबरचा. वरचा मजकूर मी खोडलेला नाही, कारण खाडाखोड दिसली की कोर्टात संशय घेतात असे नोटरीबाई म्हणाल्या. दुसरेही कारण आहे. आपला बाप कसा होता ते अफ्राला त्याच्याच अक्षरात वाचायला मिळावे.

काल दुपारी साक्षीदार आले. एक क्विरिन, दुसऱ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या झेन्झीबाई ब्रांडल. अफ्राने कॉफी आणि प्लमचा केक ठेवला. साक्षीदारांनी मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही करायची असते. पण चौथे कलम मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. एक्केचाळीस वर्षे हे त्याच्या तोंडावर फेकायचे होते. झेन्झीबाई केक खाता खाता थांबल्या. क्विरिनने पेन खाली ठेवले.

"कोर्बी, हे तू खरंच मानतोस?"

"मानत नाही. सिद्ध केलंय. चार जागा, चार माणसं."

"आणि ढलप्या?"

"कसल्या ढलप्या?"

"अरे, तुझ्या रंध्याच्या! अख्ख्या घराचं लाकूड स्प्रूसचं, पांढरंफटक. आढं तेवढं लार्चचं, तांबडं. त्याला तू रंधा मारलास. वर अंधारात बसणाऱ्या लाकडाला रंधा कोण मारतं? तूच एक. बरं, मारलास तर मारलास, त्या ढलप्या काही तुला टाकवल्या नाहीत. पोत्यात भरून भट्टीवर नेल्यास, आढ्याखाली अंथरायला. ओल लागू नये म्हणून. हो का नाही?"

हो. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, वाल्बुर्गालाही नाही.

"पोत्याला भोक होतं, बाबा! तुझ्या वखारीपासून भट्टीच्या दारापर्यंत तांबड्या ढलप्यांची रांग. मी आणि माझा मेव्हणा नुसते चालत गेलो. शोधलंसुद्धा नाही."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? आता सत्त्याहत्तराव्या वर्षी मला बिअर मिळणार आहे का तुझ्याकडून?"

"मग कवनात का नाही घातलंस? बाकी सगळं घातलंस. माझ्या नाकावर दोन कडवी होती."

क्विरिन खिडकीबाहेर पाहू लागला. "लाज वाटली. तू उस्ताद माणूस. आढं चोरीला गेलं, हे चालतं, सगळ्यांचं जातं. पण आपल्याच ढलप्या सांडत गेला, हे शिकाऊ पोराचं काम. तुला पुढे कोणी घर दिलं नसतं बांधायला. आम्ही परत येताना फांदीने झाडून काढल्या सगळ्या."

"आणि मला का सांगितलं नाहीस?"

"तू बोलत होतास का माझ्याशी? आणि नंतर तिनेच नको म्हटलं."

"कोणी?"

"वाल्बुर्गाने. पुढच्या वर्षी, गवत कापणीच्या दिवसांत आली होती शेतावर. म्हणाली, 'क्विरिन, कोर्बीला वाटतंय मी सांगितलं. तो बोलत नाही, पण किल्ल्या लपवतोय. तुला खरं कोणी सांगितलं?' मी ढलप्यांचं सांगितलं. इतकी हसली! मग म्हटलं, चल, आत्ता येतो आणि त्याला सांगतो. तर म्हणाली, 'नको. त्याला मला विचारू दे. एकदा विचारेलच की. बायकोला विचारायला किती दिवस लागतात?'"

झेन्झीबाईंनी बशी बाजूला सारली. "आणि मग?" त्यांनी विचारले.

"मग काय. मी दरवर्षी विचारायचो, विचारलं का गं त्याने? ती नाही म्हणून मान हलवायची. पुढे मीही विचारणं सोडलं."

अफ्रा कॉफीची किटली हातात घेऊन उभी होती. तिने ती ठेवली आणि वखारीत निघून गेली. क्विरिन म्हणाला, या कागदावर मी सही करणार नाही. झेन्झीबाईही उठल्या. मी त्यांना अडवले नाही.

मी क्विरिनच्या शब्दावर विश्वास ठेवला असे कोणी समजू नये. मी कार्यशाळेत गेलो. ते तागाचे पोते मी टाकलेले नाही, मी काहीच टाकत नाही. ते उलटे करून खिडकीशी धरले. खालच्या कोपऱ्यात ठिगळ आहे, हाताच्या तळव्याएवढे, निळ्या दोऱ्याने शिवलेले. त्या दोऱ्याने ती माझे कामाचे शर्ट शिवायची. तिला भोक माहीत होते. तिने ते बुजवले, पोते परत खिळ्याला अडकवले आणि काही बोलली नाही. मी चाळीस वर्षे त्यातच ढलप्या भरत आलो आणि ठिगळ पाहिले नाही. दुसऱ्यांच्या घरात केसाएवढी फट मला दारातून दिसायची.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, अफ्रा खाली जेवायला गेली होती. वाल्बुर्गाने डोळे उघडले आणि म्हणाली, "कोर्बी, तुला मला काही विचारायचंय का?" मला वाटले तिला गुंगी आली आहे. मी विचारले, "उशी वर करू का?" ती म्हणाली, "कर." मी उशी वर केली. मला याचे फार वाईट वाटते. वाईट हा शब्द पुरत नाही, पण मृत्युपत्रात कोणता लिहितात ते मला माहीत नाही.

तेव्हा असे. दुसऱ्या कलमातली अट रद्द. घर, कार्यशाळा आणि वखार अफ्राची, कोणत्याही अटीशिवाय. सेवेरीनला काही नाही. क्विरिनबद्दल प्रस्तावनेत जे लिहिले ते मागे घेतो, पण तो साक्षीदार झाला तर त्याला काही देता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. त्याने हे समजून घ्यावे.

उरली माझी जागा. मला वाटले होते, आता नुसते लिहावे की मला लिंडेनखाली पुरा, म्हणजे झाले. तसे मी एका कच्च्या कागदावर लिहिलेही आणि अफ्राला दाखवले. ती वखारीत लार्चच्या फळ्या उलट्यापालट्या करत होती. तिने वाचले आणि परत दिले.

"हे परत तुम्हीच ठरवलंत, बाबा."

"मग काय करू? तू सांग. आई काय म्हणाली असती?"

"मला नका विचारू. मला कशाला विचारता? तिला विचारा."

"ती गेली."

"मला माहीत आहे ती गेली."

म्हणून आज सकाळी मी दफनभूमीत गेलो. दोन बायका फुलांना पाणी घालत होत्या. त्या जाव्यात म्हणून थांबलो, त्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासमोरच हॅट काढून मोठ्याने विचारले. पहिला प्रश्न एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा: "वाल्बुर्गा, आढं कुठे आहे ते तू सांगितलंस का?" त्याचे उत्तर मला मिळाले आहे, तरी विचारला, कारण तिला तो हवा होता. दुसरा: "तुझ्या शेजारी मला जागा आहे का?" त्या बायका झारी हातात धरून उभ्या राहिल्या. मी पाव तास थांबलो आणि घरी आलो.

मी भाबडा माणूस नाही, मेलेली माणसे बोलत नाहीत हे मला कळते. तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः लिहिणार नाही. तो हक्क माझा नाही. जिवंत आहे तोवर रोज सकाळी जाऊन विचारीन. मी गेल्यावर अफ्राने आईच्या वतीने उत्तर द्यावे. लिंडेनखाली म्हटले तर लिंडेनखाली, भिंतीशी म्हटले तर भिंतीशी. तिने असे का ठरवले, तिला कोणी काय सांगितले, यातले मी काहीही विचारणार नाही. ती जे म्हणेल ते वाल्बुर्गाने म्हटले असे मी मानतो, संशय न घेता.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिले, दोन्ही साक्षीदारांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

ठिकाण: ओबरआख
दिनांक: १४ सप्टेंबर २०२४

(सही) कोर्बिनियन योझेफ एर्टलमायर, सुतार

साक्षीदार:
१. (सही) क्विरिन स्टाडलहूबर, शेतकरी, घर क्रमांक दहा
२. (सही) क्रेसेन्झ ऊर्फ झेन्झी ब्रांडल, ऑर्गनवादक, घर क्रमांक बावीस